कपाटाला टेकवलेली बास गिटार

तुम्हा दोघांना,

गेल्या रविवारी फोनच्या पडद्यावर धाकटीने आपली नवी बास गिटार दाखवली. गळ्यात पट्टा, चेहऱ्यावर विजयी हसू. "आजी, आपल्या घरात बास वाजवणारी मी पहिलीच!" असं ती म्हणाली. मी तेव्हा गप्प राहिले, कारण तिच्या मागे तुमची आई भांडी लावत उभी होती आणि तिने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको सांगूस, असं. पण मी सगळं आयुष्य शाळेत इंग्रजी शिकवलं. चुकीचं वाक्य तसंच फळ्यावर ठेवून वर्गाबाहेर पडायची मला सवय नाही. तेव्हा धाकटे, तू पहिली नाहीस. दुसरी आहेस.

आईला विचारलंत तर "कॉलेजात वाजवायचे थोडंसं" एवढंच उत्तर मिळेल. म्हणून मी सगळं क्रमाने लिहिते आहे. थोरल्याने हे धाकटीला वाचून दाखवावं, त्याचं मराठी वाचन बरं आहे. मालवणी बोलणं येईल तिथे सावकाश वाचावं.

आम्ही तेव्हाही मुलुंडच्या याच घरात राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला छोटी गॅलरी. मी सकाळच्या शाळेत जायची, तुमचे आजोबा भांडुपच्या एका कारखान्यात पाळीवर असायचे आणि तुमची आई नुकतीच कॉलेजात गेली होती. चौथे माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा. मी त्यांना मामंजी म्हणायची. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी मुंबईत आले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात फिटर झाले. साचे म्हणजे कापड विणायची यंत्रं. गिरण्यांच्या संपानंतर त्यांची गिरणी काही नीट सुरू झाली नाही, तेव्हा ते एक पत्र्याची ट्रंक आणि हत्यारांची एक लाकडी पेटी घेऊन आमच्याकडे राहायला आले. साच्यांच्या खडखडाटात उमेदीची सगळी वर्षं गेल्यामुळे त्यांचे कान अधू झाले होते. दाराची घंटा, कुकरची शिट्टी, माझा आवाज, यातलं काही त्यांना ऐकू येत नसे. ट्रक गेला, पिंप पडलं, ढोल वाजला, की मात्र मान वळायची. छोटं बोलणं ते समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचे, लांब काही सांगायचं तर कानाशी ओरडावं लागे.

माझा धाकटा भाऊ बोटीवर होता. बारावीला चांगले मार्क मिळाले तर भाचीला परदेशातून विजेवर वाजणारी गिटार आणीन, असं त्याने कबूल केलं होतं. मार्क मिळाले. भाऊ जपानहून आला तो हातात एक लांबलचक काळी पेटी घेऊनच. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पेटी उघडली. आत गडद लाल रंगाची, चकचकीत, लांब मानेची गिटार. आम्ही सगळे बघतच राहिलो. मामंजींनी खाली वाकून एका बोटाने तारा मोजल्या.

"चारच?"

"चारच," भाऊ म्हणाला.

"गिटारीक सहा असतत. खालच्या मजल्यावरच्या पोराकडे बघितलंय मी. दोन तारा खंय गेल्यो? कस्टमवाल्यांनी काढून घेतल्यो?"

तुमच्या आईचा चेहरा पडला होता. तिला पेटी उघडताक्षणीच कळलं होतं. "मामा, ही बास आहे रे! मला साधी गिटार हवी होती."

"अगं, दुकानात सगळ्यांत मोठी हीच होती," भाऊ म्हणाला. "म्हटलं, एकुलत्या एका भाचीला द्यायची तर मोठीच द्यावी."

बोट परत जपानला कधी लागेल ते सांगता येत नव्हतं. गिटार परत पेटीत गेली आणि पेटी पलंगाखाली.

ती तिथून बाहेर कशी आली ते ऐका. त्या काळी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत प्रत्येक इमारतीत गिटार वाजवणारा एक तरी मुलगा होता. बास वाजवणारं कुणी नव्हतं, कारण बासच कुणाकडे नव्हती. अशी वस्तू इथल्या दुकानात मिळत नसे. बोटीवरचा मामा किंवा आखातातला काका असला तरच घरात यायची. तुमच्या आईने कॉलेजात एका मैत्रिणीला आपली रडकथा सांगितली आणि आठवडाभरात घाटकोपरची तीन मुलं आमच्या दारात उभी राहिली. केस मानेपर्यंत, पण चपला दाराबाहेर ओळीने काढलेल्या.

"काकू, तुमच्याकडे बास आहे ना?" शेजाऱ्याकडे शिडी मागायला यावं, तसं त्यातल्या उंच मुलाने विचारलं. तो त्यांच्या बँडचा गिटारवाला.

मी काही बोलायच्या आत तुमची आई पुढे झाली. "आहे. पण बास पाहिजे तर मी पण येणार बरोबर."

"तुला येते वाजवता?"

"दिवाळीपर्यंत येईल."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बास हवी होती, मुलगी नको होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण एकीशिवाय दुसरी मिळणार नव्हती.

बास म्हणजे काय हे मला कळायला वेळ लागला. तुमच्या आईने मला समजेल असं सांगितलं. "आई, गिटार गाण्याबरोबर बोलते. बासचा सूर बोलत नाही. तबल्यातला डग्गा आणि गवयामागचा तानपुरा, या दोघांचं काम तो एकटा करतो. वाजत असतो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. थांबला की सगळे म्हणतात, काय झालं?"

त्या मुलांची वाद्यंही मी जवळून पाहिली. उंच मुलाची गिटार कुर्ल्याच्या एका सुताराने बनवली होती. तो एरवी दारं-खिडक्या करायचा. तारांचा आवाज पकडणारे आतले लोहचुंबक मात्र परदेशी होते, एका हॉटेलात वाजवणाऱ्या म्हाताऱ्या वादकाने मोडीत काढलेल्या गिटारीतले. लांबून स्टेजवर ती विलायती दिसायची. जवळ गेलं की कोपऱ्यातल्या फटींत लांबी भरलेली दिसे. दुसऱ्या मुलाकडे साधी लाकडी गिटार होती, तिच्या पोटाशी त्याने माइक बांधला होता. गायचाही तोच, आणि तिसरा ड्रम वाजवायचा. कॉलेजच्या समारंभात आवाज मोठा करायचे खोके यायचे ते गणपतीला आणि लग्नाला लाउडस्पीकर देणाऱ्या माणसाकडून. तारांची तर कायमची मारामार. नव्या तारा कोणी परदेशातून आणल्या तरच. म्हणून ही मुलं जुन्या, घामाने मळलेल्या तारा काढून पाण्यात उकळायची आणि परत चढवायची. चहाची पावडर दुसऱ्यांदा उकळावी तसा हा प्रकार मला वाटला. पण त्याने आवाज खरंच उजळतो म्हणे.

घरी मात्र आमच्याकडे खोका नव्हता. विजेची गिटार खोक्याशिवाय जवळजवळ मुकी. तारा नुसत्या कुजबुजतात. तुमच्या आईने उपाय शोधला. माझ्या लग्नातलं सागवानी कपाट होतं, आजही आहे. गिटारीचं वरचं टोक त्या कपाटाला टेकवून तार छेडली, की कपाटच घुमायला लागायचं. आतले हँगर थरथरायचे. त्या कपाटाला लागूनच मामंजींचा पलंग होता.

पहिल्या दिवशी ते दुपारच्या झोपेतून ताडकन उठून बसले. "भूकंप झालो काय गो?"

तिने घाबरून गिटार बाजूला केली. "आजोबा, मी वाजवत होते."

"ह्या ओंडक्यात्सून आवाज येता?" त्यांनी गिटारीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि परत आडवे झाले.

त्या दिवसापासून गिटारीचं नाव ओंडका. "ओंडको उचल, माका चप्पल घालूची आसा." "ओंडको पडात, नीट ठेव." तुमच्या आईला ते लागायचं, पण ती त्यांच्यासमोर काही बोलायची नाही. ते झोपले नसतील अशी वेळ बघून ती वाजवायची.

मग एकदा मी शाळेतून आले तर ती वाजवत होती आणि मामंजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोप लागली असेल म्हणून तिने हात थांबवला. तशी ते वळले. त्यांचा तळहात कपाटाच्या फळीवर सपाट टेकलेला होता.

"थांबलस कित्याक?"

"आजोबा, तुम्हाला ऐकू येतंय?"

"कानान नाय. हातान." त्यांनी फळीवर हात थोपटला. "साचो बरो चलता का नाय, ता आमी हात लावन बघू. चल, वाजव."

रेडिओवरची गाणी त्यांना केव्हाच ऐकू येईनाशी झाली होती. सगळ्या संगीतातला एवढा एकच थर त्यांच्यापर्यंत पोचत होता, आणि तो नात वाजवत होती. पुढे रोज संध्याकाळी हे दोघं कपाटाच्या दोन बाजूंना बसायचे. नाव मात्र ओंडकाच राहिलं.

आता मुख्य गोष्ट. त्या मुलांनी स्वतःची इंग्रजी गाणी रचली होती. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या एका समारंभात गोरेगावच्या छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या मालकाने ती ऐकली. तो स्वतःच रेकॉर्डिंग करायचा. एरवी त्याच्याकडे जाहिरातींची कामं असत. त्याने मुलांना सांगितलं, "दसऱ्याला माझ्याकडे कोणी येत नाही. सकाळची पूजा झाली की या, एक गाणं करून देतो. चांगलं झालं तर कॅसेटवाल्याला ऐकवू." पुढे त्याने एक अट घातली. "पोरीचा बास कच्चा वाटला तर माझा माणूस वाजवेल. सिनेमाच्या लाइनीतला आहे, समोरच्याच गल्लीत राहतो, फोन केला की येतो."

उंच मुलाने सगळ्यांच्या वतीने हो म्हटलं.

तुमच्या आईने हे मला एकटीला सांगितलं. "आई, सगळे स्टेजवर माझ्याबरोबर, आणि कॅसेटवर दुसऱ्याचा हात. मग मी त्या बँडची कोण? बास पोचवणारी?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. गिरणीत तर साचेखातं त्या दिवशी धुऊनपुसून, तेलपाणी करून लख्ख होत असे आणि प्रत्येक साच्याला झेंडूचं तोरण लागत असे. गिरणी सुटली तरी मामंजींनी नेम सोडला नव्हता. पेटीतले पाने, पकडी, हातोडी, सगळ्यांना शिलाई मशीनचं तेल लावून पुसायचं, पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. एकदा पूजेला बसलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायची नाही.

त्या दिवशी मी शाळेत, तुमची आई कॉलेजात प्रॅक्टिकलला, आणि तुमचे आजोबा रात्रपाळी करून झोपलेले. दुपारी मी घरी आले तर पाटावर लाल कापड, कापडावर पाने आणि पकडी, माझी विळी, माझी कात्री, आणि मधोमध लाल गिटार. मानेवर झेंडूची माळ. मामंजी स्वच्छ धोतर नेसून पाटाशेजारी बसले होते. त्यांचा चेहरा मी इतका प्रसन्न क्वचितच पाहिला होता.

"सूनबाय, बघ. आजपास्नं तेका ओंडको म्हणूचा नाय. हत्यार आसा ता."

मला भरून आलं. मग मी जवळ गेले आणि तारांवरची चकाकी पाहिली. चारही तारा, वरपासून खालपर्यंत, तेलात न्हालेल्या.

"आता गंज धरूचो नाय," मामंजी म्हणाले.

थोड्या वेळाने तुमची आई आली. पाट पाहून ती दारातच थबकली, मग हसली, मग खाली वाकून तिने बोटाने एक तार छेडली. एरवी पाट थरारला असता. आता ओल्या पिशवीवर थाप मारावी तसा आवाज आला. तिने दुसरी छेडली. तसाच.

मामंजींचा हात पाटावर होता. त्यांना थरथर लागली असणार, कारण त्यांनी मान डोलावली. "बरा वाजता."

"छान केलंत आजोबा," ती म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन मोरीचा काठ धरून उभी राहिली.

"आई, वाट लागली."

"पुसून घे ना."

"पुसून जात नाही गं. जाड तारेवर बारीक तार गुंडाळलेली असते, तेल त्या फटीत शिरतं. तार मरते. उद्या तो माणूस एक सूर ऐकेल आणि फोन उचलेल."

"ती मुलं तारा उकळतात म्हणालीस ना?"

"ते घामासाठी. हे मशीनचं तेल आहे. आणि उकळायच्या तर पूजेतून उचलाव्या लागतील. आजोबांना काय सांगू? तुम्ही लाडाने केलंत ते चुकलं?" तिने डोळे पुसले. "जाऊ दे. वाजवू दे त्या माणसाला."

कॅसेट हातची गेली तरी चालेल, पण आजोबांना कळता कामा नये, असं तिचं चाललं होतं. मी तिचं ऐकलं नाही. वयस्कर माणसापासून गोष्ट लपवली की त्याला आपण घरातल्या फर्निचरमध्ये जमा करतो, असं माझं मत आहे. मी बाहेर गेले, मामंजींच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचं म्हणजे अर्ध्या इमारतीला सांगणं होतं.

त्यांनी चष्मा काढला. वाकून एका तारेवर बोट फिरवलं आणि ते अंगठ्यावर चोळून बघितलं.

"साच्याक तेल नाय घातला तर तो मरता. ह्याका घातला तर मरता?"

"हो."

"मग ह्यां कसला मशीन!" ते म्हणाले. मग तुमच्या आईकडे वळले. "आणि तू माका काय म्हणालस? छान केलंत?"

तिने मान खाली घातली.

"उद्या काम आसा तर तसा सांगूचा," मामंजी म्हणाले. त्यांनी ओंजळीत अक्षता घेतल्या, पाटावर वाहिल्या, हात जोडून काहीतरी पुटपुटले आणि गिटार दोन्ही हातांनी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. "देवीक सांगितलंय. ह्या एक आजच उठवतंय, बाकीची हत्यारां उद्या."

उकळायचं काम माझं. आम्ही बायका मंगळसूत्रातलं तेल काढायला ते रिठ्याच्या पाण्यात घालतो. मण्यांच्या फटीतला मळ त्यानेच सुटतो. मी म्हटलं, फट ती फट. पुरणाची डाळ शिजवायच्या मोठ्या पातेल्यात रिठे आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घातला, पाणी चढवलं, आणि चारही तारांची वेटोळी करून आत सोडली. पिवळा फेस वर आला आणि त्यावर तेलाचे गोल गोल डाग तरंगू लागले. तेवढ्यात तुमचे आजोबा झोपेतून उठून आले आणि पातेल्यात डोकावले.

"अरे वा. शेवया?"

"खाऊ नका. लेकीच्या आहेत."

दुसऱ्यांदा स्वच्छ पाण्यात उकळल्या. मामंजींनी एकेक तार मऊ फडक्यातून ओढून कोरडी केली. ओली राहिली तर गंजेल म्हणून त्यांनी दोनदोनदा पुसलं. मग चारही तारा गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी लटकवल्या. समोरच्या बाल्कनीतून शेजारीण ओरडली, "काय हो, अँटेना बिघडली का?"

उन्हं उतरेपर्यंत तारा कोरड्या झाल्या. तुमच्या आईने चढवायला घेतल्या. सर्वांत जाड तार बसली, पिळली, कपाटाला टेकवून छेडली. हँगर वाजले! तिने माझ्याकडे पाहिलं. दुसरी बसली. तिसरी बसली. चौथी, सर्वांत बारीक, ती हळूहळू पिळत होती, आणि खुंटीशी टण्णकन आवाज झाला. तार तुटून तिच्या मनगटावर आपटली.

बदलायला दुसरी तार मुंबईत कुठे होती?

मामंजी म्हणाले, "आदी दोन कमी होत्यो. आता तीन."

क्षणभर मला त्यांचा रागच आला. पण तुमची आईच पहिली हसली. एकदा हसली ती थांबेचना. मग डोळे पुसून तिने गिटार कपाटाला टेकवली आणि तीन तारांवर ते गाणं कसं बसतं ते शोधायला लागली. चौथ्या तारेवरची जागा आली की थांबायची, खाली दुसरी वाट शोधायची, परत पहिल्यापासून. मामंजी फळीवर हात ठेवून बसले होते. मध्येच म्हणायचे, "हयसर अडाकला." आणि खरंच तिथेच अडलेलं असायचं.

दसऱ्याला सकाळी पूजा उरकून आम्ही रिक्षाने निघालो. मी, तुमची आई आणि मामंजी. "तेल मी लावलंय, मी येतंय," त्यांनी जाहीर केलं होतं. काळी पेटी तिघांत मावेना, म्हणून ती आडवी मांड्यांवर घेतली आणि तिचं टोक पवईपासून आरेच्या झाडीतून गोरेगावपर्यंत रिक्षाबाहेर डोकावत गेलं.

स्टुडिओ म्हणजे एका बैठ्या इमारतीच्या मागच्या दोन खोल्या. एकीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून काथ्याच्या चटया, मध्ये जाड काच, आणि पलीकडे त्या माणसाचं बटणांनी भरलेलं टेबल. टेबलाला झेंडूची माळ, टेपच्या यंत्रावर हळदकुंकू, स्पीकरवर अक्षता. ते बघून मामंजींचा चेहरा खुलला. आपल्या खात्यात आल्यासारखे ते पुढे झाले, त्या माणसाच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि गंभीरपणे विचारलं, "तेल नाय ना लावलास?"

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "नंतर सांगते."

स्टेजवर बासचा आवाज मोठ्या खोक्यातून पोटात घुसतो. इथे तसं काही नव्हतं. गिटारीची वायर सरळ काचेपलीकडच्या टेबलात गेली आणि तुमच्या आईच्या, मुलांच्या आणि मी आतच बसले होते म्हणून माझ्याही कानाला हेडफोन लावले. तिने तारा छेडून दाखवल्या. त्या माणसाने काचेतून निरखून पाहिलं.

"चौथी कुठंय?"

"तुटली. काल."

"अरे, मग काय करायचं?" त्याचा हात भिंतीवरच्या फोनकडे गेला. "बोलावतो माझ्या माणसाला. त्याच्याकडे चारही आहेत."

उंच मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मला वाटलं होतं तो काही बोलेल.

"एकदा ऐका," तुमची आई म्हणाली. "मग बोलवा."

हात फोनवरच ठेवून त्याने होकाराची मान हलवली. गाणं सुरू झालं. मला त्या संगीतातलं कळत नाही, म्हणून जे पाहिलं तेच सांगते. अर्ध्यावर उंच मुलगा एकदम थांबला.

"यार, इथे तू वर जायचीस ना! खालीच काय राहिलीस?"

"वरची तार नाहीये. तू जा वर. मी खाली थांबते."

"गाणं असं नाहीये पण."

"मग असं कर ना. जा तर खरा."

त्याने खांदे उडवले. परत सुरुवात झाली. या वेळी ती जागा आली तेव्हा त्याची गिटार चढत वर गेली, आणि खाली तुमची आई एकाच सुरावर ठामपणे चालत राहिली, डोळे मिटून. मी काचेपलीकडे पाहिलं. मामंजी मोठ्या स्पीकरच्या लाकडी अंगावर तळहात ठेवून उभे होते. आणि त्या माणसाचा फोनवरचा हात आता टेबलावर आला होता. एक बटण तो अगदी हळू वर सरकवत होता.

गाणं संपलं. मग काचेपलीकडून माइकवर त्याचा आवाज आला, उंच मुलासाठी. "गिटार परत घे. दोन ठिकाणी घसरलास. बासला हात लावायचा नाही."

मला आधी वाटलं, बास रद्द झाला. तुमची आई माझ्याकडे वळून हसली तेव्हा कळलं, तिचा बास आहे तसाच राहणार.

बिचाऱ्या मुलाला गिटार पुन्हा पुन्हा वाजवावी लागली. जाताना दारात तो तिला म्हणाला, "ते खाली थांबलीस ना, झकास होतं. तसंच ठेवू." चार तारा आल्यावरही ते तसंच वाजवत राहिले.

कॅसेटवाल्याने ते गाणं घेतलं नाही. इंग्रजी गाणी इथे कोण ऐकणार, असं त्याचं म्हणणं. पण स्टुडिओवाल्याने प्रत्येकाला एकेक प्रत करून दिली. घरी आमच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर ती लावली आणि सगळे कान देऊन बसलो. गाणं ऐकू आलं, गिटार ऐकू आली, ड्रम ऐकू आला. बासचा पत्ता नाही. इतक्या लहान स्पीकरमधून तो येतच नाही म्हणे. मामंजींनी टेपरेकॉर्डरवर हात ठेवला, मान हलवली.

"खंय गो तू?"

तुमची आई उठली. तिने गिटार आणली, कपाटाला टेकवली, आणि कॅसेटबरोबर तीन तारांवर वाजवायला लागली. मामंजींनी आपला हात टेपरेकॉर्डरवरून उचलून फळीवर ठेवला.

"आता झाला," ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात मामाने तारांचा नवा जोड आणला. कॉलेज संपेपर्यंत त्या मुलांनी एकत्र वाजवलं. मग नोकऱ्या लागल्या, कोणी पुण्याला, कोणी दुबईला. तुमची आई शिकायला तिकडे गेली तेव्हा काळी पेटी विमानात न्यायला फार लांब ठरली, म्हणून ती इथेच राहिली. मामंजी असेपर्यंत दर खंडेनवमीला त्यांनी ती पाटावर मांडली. नुसत्या कोरड्या फडक्याने पुसून. ते गेल्यावर मी मांडते. धाकटे, पुढच्या वेळी येशील तेव्हा आपली बास घेऊन ये, दोन्ही शेजारी शेजारी मांडू.

गिटार कपाटाशेजारी उभी आहे. तिला चारही तारा आहेत. तुटलेली तार मामंजींच्या पेटीत, त्यांच्या पान्यांबरोबर आहे. कॅसेट मी इथल्या दुकानातून संगणकावर उतरवून घेतली आणि तुम्हाला पाठवली आहे. चांगल्या हेडफोनवर लावली, तर तिच्यात तुमच्या आईचा बास ऐकू येतो.